कालव्यांतील जलप्रवाहाचे स्वयंनियमन : एक ऐतिहासिक आलोचन

सिंचनाचा इतिहास बहुधा धरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या नदीवर, कोणत्या साली, किती उंचीचा बांध पडला याची नोंद सर्वत्र सापडते. परंतु अडविलेले पाणी कालव्याच्या मुखातून निघून शेवटच्या शेतकऱ्याच्या दांडात पडेपर्यंत त्याचे काय होते, याविषयी इतिहासग्रंथ फारसे बोलत नाहीत. वस्तुतः कालव्याच्या व्यवहारातील सारे कलह याच मधल्या वाटचालीत उत्पन्न होतात. मुख्य दरवाजा वर केला असता त्याचा परिणाम पुच्छभागी पोहोचण्यास कित्येक तास, लांब कालव्यात तर काही दिवसही लागतात. तोवर वरच्या अंगाचा शेतकरी आपले दार थोडे अधिक उघडतो, मध्येच पाऊस पडतो, अथवा पाटकरी एखाद्या भिडेखातर आपली फेरी चुकवतो; आणि खालच्या अंगाला एक तर पाणी पोहोचत नाही, किंवा नको असताना वाहून जाते. हा व्यवहार माणसाच्या हातून काढून पाण्याच्याच स्वाधीन करता येईल काय, हा प्रश्न फार जुना आहे. त्याला मिळालेली उत्तरे केवळ यंत्रविद्येची नाहीत. प्रत्येक उत्तरामागे कोणावर विश्वास ठेवावा आणि कोणावर ठेवू नये याविषयीचा एक निश्चित ग्रह आहे.

या विषयातील एका शब्दाचाच मागोवा घेतला तरी हे स्पष्ट होते. पाणी ठराविक मापाने सोडणाऱ्या रचनेला अभियंते 'मॉड्यूल' म्हणतात. मूळ लॅटिन 'मोडस' म्हणजे माप, आणि 'मोडुलस' म्हणजे लहान माप. इ. स. 97 मध्ये रोमच्या जलव्यवस्थेचा अधिकारी नेमला गेलेला फ्रॉन्टिनस याने नगराच्या जलवाहिन्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा शब्द नळाच्या प्रमाणित आकारासाठी आला आहे. सव्वा अंगुल व्यासाचा 'क्विनारिया' हा नळ हे त्याचे एकक होय. नळाच्या मुखाशी ब्राँझची ठराविक लांबीची नळी बसवून तिच्यावर शिक्का मारावा असा दंडक होता. कारण शिशाचा नळ ठोकून रुंद करता येतो, ब्राँझचा सहजासहजी येत नाही. पाणी सोडणारे सेवक चोरून छिद्रे पाडतात, शिक्का नसलेले मोठे नळ बसवितात, अशा तक्रारींनी हा ग्रंथ भरलेला आहे. म्हणजे 'मोडुलस' हा शब्द जलशास्त्रात अवतरला तोच पाटकऱ्यावरील अविश्वासाबरोबर. फ्रॉन्टिनसच्या मापात एक उणीव मात्र राहिली. नळाचा छेद तेवढाच असला तरी वरच्या पाण्याची उंची वाढली की प्रवाहही वाढतो, या गोष्टीची त्याला अस्पष्ट जाणीव होती, हिशेब मात्र नव्हता.

तो हिशेब सोळाव्या शतकात लोम्बार्दीत व्यवहारापुरता मांडला गेला. मिलान नगराच्या कालव्यांसाठी सोल्दाती याने 1570 च्या दशकात जी रचना सिद्ध केली, तिच्यात पाण्याचे द्वार 4 'ओन्चा' उंच आणि 3 ओन्चा रुंद असे. आणि द्वाराच्या वरच्या कडेपासून पाण्याची पातळी नेहमी 2 ओन्चा वर राहील अशी योजना होती. समोरच्या कोठडीत पातळी स्थिर ठेवण्यासाठी एक फळी वरखाली करावी लागे. येथे माप दगडात कोरले गेले. पण पातळी राखण्याचे काम माणसाकडेच राहिले. ईस्ट इंडिया कंपनीने धाडलेला बेअर्ड स्मिथ हा अधिकारी इटलीतील कालवे पाहून आला आणि 1852 मध्ये त्याने आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथाच्या द्वारे मिलानचे 'मोदुलो' हिंदुस्थानातील कालवेखात्याच्या चर्चेत शिरले. 1868 मध्ये स्कॉट-मॉन्क्रिफ याने दक्षिण युरोपातील सिंचनावर दुसरा ग्रंथ लिहिला. 1901 साली नेमलेल्या हिंदी सिंचन आयोगाचा अध्यक्ष तो हाच. माद्रिदला पाणी पुरविणाऱ्या कालव्यावरील एक चतुर रचना या काळात अभियंत्यांच्या कौतुकाचा विषय झाली होती. तिच्यात कोठडीच्या तळाशी एक वर्तुळाकार छिद्र असून त्यात वर निमुळता, खाली जाड असा धातूचा दट्ट्या तरंगाला टांगलेला असे. पाणी चढले की तरंग व दट्ट्या वर येऊन छिद्रातील फट अरुंद होई; उतरले की फट रुंद होई. माणूस कोठेच नाही, आणि प्रवाह स्थिर!

मग हिंदुस्थानात हीच रचना सर्वत्र का बसविली गेली नाही? कारणे साधी आहेत. माद्रिदच्या निवळ पाण्यात जे चालले ते हिमालयातून गाळ घेऊन येणाऱ्या नद्यांच्या पाण्यात चालणारे नव्हते. हजारो विमोचकांवर धातूची नाजूक यंत्रे बसविण्याचा खर्चही परवडणारा नव्हता. शिवाय हलता भाग म्हटला की त्यात खडा अडकविता येतो. पंजाबात कालव्यातून गावच्या पाटात पाणी काढणाऱ्या छिद्राला 'मोघा' म्हणतात, आणि मोघ्याशी खेळणे हा तेथील ग्रामजीवनाचा एक चिरपरिचित भाग होता. म्हणून पंजाबी अभियंत्यांनी वेगळी दिशा धरली : ज्यात काहीही हलत नाही असे स्वयंनियमन. केनेडी, गिब आणि क्रम्प ही या प्रयत्नातील तीन प्रमुख नावे. पैकी गिबची रचना ताठर जातीची होती. अर्धवर्तुळाकार मार्गातून पाणी फिरवून आतील आडपडद्यांच्या योगे जादा शक्तीचा नाश करावयाचा, जेणेकरून कालव्यातील पातळी बरीच बदलली तरी विमोचकातून पडणारे पाणी जवळजवळ तेवढेच राहील, अशी तिची कल्पना.

वरवर पाहता यापेक्षा न्याय्य असे दुसरे काय असू शकेल? प्रत्येकाला ठरलेले माप, कमी नाही की जास्त नाही. परंतु येथेच एक मोठा पेच आहे, आणि तो ओळखण्याचे श्रेय क्रम्पला दिले पाहिजे. कालव्यात येणारे पाणी स्वतः स्थिर नसते. नदी उतरली, किंवा गाळाने कालव्याची वहनशक्ती घटली, की मुखाशीच पाणी कमी पडते. अशा वेळी वरच्या अंगाचे सर्व ताठर विमोचक आपला पुरा वाटा काढून घेतात आणि सारी तूट एकट्या पुच्छभागावर पडते. उलट पाणी अधिक आले तर कोणताही विमोचक जादा घेत नाही. ते सर्व खाली जाऊन काठ फोडते. व्यक्तिशः न्याय्य असलेले माप समष्टीत घोर अन्याय करते, असा हा प्रकार आहे. 1922 मध्ये पंजाब सिंचन शाखेच्या निबंधमालेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात क्रम्पने या पेचावर प्रमाणशीर विमोचकाचा तोडगा मांडला : कालव्यात एक दशांश पाणी घटले तर प्रत्येक विमोचकातही एक दशांशच घटावे. तूट सर्वांनी वाटून घ्यावी, आणि वाटणीसाठी कोणी माणूस लागू नये.

यामागील गणित सुंदर आहे आणि अगदी थोडके आहे. बुडालेल्या छिद्रातून जाणारा प्रवाह वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. तर मातीच्या कालव्यातील प्रवाह पाण्याच्या खोलीच्या पाच-तृतीयांश घाताच्या प्रमाणात बदलतो, असे धरले जाते. दोहोंतील सापेक्ष बदल समान व्हावयाचा तर छिद्रावरील पाण्याची उंची कालव्याच्या पूर्ण खोलीच्या तीन-दशांश असली पाहिजे. आणि छिद्राऐवजी उघडा सांडवा असेल तर उंबऱ्यावरील उंची नऊ-दशांश. म्हणजे विमोचक कोणत्या उंचीवर बसवावा एवढा एकच निर्णय अचूक घेतला की पुढची वाटणी गुरुत्वाकर्षण करते. प्रत्यक्षात अशा उंचीवर बसविलेले विमोचक गाळाचा आपला हिस्सा उचलीत नाहीत, तो कालव्यातच राहतो, असा अनुभव आला आणि गाळासाठी ते अधिक खाली बसवावे लागले. त्यामुळे शुद्ध प्रमाणाला काहीशी मुरड पडली. तथापि तत्त्व टिकले. छिद्राच्या माथ्याचा लोखंडी ठोकळा खिळ्यांनी जखडून बांधकामात चिणला जाई. तो बदलायचा तर गवंडीकाम फोडावे लागे, आणि फोडलेले गवंडीकाम लपत नाही. फ्रॉन्टिनसच्या ब्राँझच्या नळीची आठवण यावी अशी ही योजना आहे.

या दगडी न्यायव्यवस्थेच्या खाली गावपातळीवर 'वारबंदी' होती. आठवड्याचे चक्र धरून प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या प्रमाणात ठरलेला वार, ठरलेली घटका. वार म्हणजे पाळी, ती बांधलेली ती वारबंदी. पाणी हवे की नको हे विचारण्याची सोय तीत नाही. पिकाला आज गरज नसली तरी पाळी आज येते. गरज उद्या असली तरी उद्या दुसऱ्याची पाळी असते. स्वयंनियमनाच्या पंजाबी परंपरेने अधिकाऱ्याच्या हातातील स्वेच्छा काढून घेतली हे खरे. पण त्याच दमात शेतकऱ्याच्या हातातीलही काढून घेतली. थोड्या पाण्यात पुष्कळ क्षेत्र भिजवावयाचे हे सरकारी धोरण असल्याने त्यात कोणाला विसंगती दिसली नाही.

दख्खनची स्थिती निराळी होती. येथील नद्यांना बर्फाचे पाणी नाही. जे आहे ते पावसाळ्यात साठवून ठेवलेले. मागणीही लहरी : पाऊस बरा झाला तर कालव्याकडे कोणी फिरकत नाही, आणि ताण पडला की सर्व एकदम धावतात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1899 मध्ये पुणे सिंचन विभागाचे कार्यकारी अभियंता झाले, तेव्हा त्यांच्यापुढे हे दोन्ही प्रश्न होते. साठा वाढविण्यासाठी त्यांनी खडकवासल्याच्या फाइफ तलावाच्या सांडव्यावर 1903 मध्ये स्वयंचलित दरवाजे बसविले. दरवाज्यांच्या मालिकेचा तोल भारांनी साधलेला असून एका विहिरीतील तरंगाशी तिचा संबंध होता. तलाव ठरलेल्या पातळीवर गेला की पाणी विहिरीत शिरावे, तरंग हलावा, दरवाजे उघडावे. पातळी उतरली की विहीर रिकामी होऊन ते पुन्हा मिटावे. मूळ बांधाची उंची न वाढविता सुमारे 8 फूट अधिक पाणी यामुळे अडविता आले. या रचनेचे एकस्व त्यांच्या नावे होते, पण खात्याच्या नोकरीत केलेल्या कामाबद्दल सरकारकडून स्वामित्वशुल्क घेणे त्यांनी नाकारले. पुढे कृष्णराजसागरावरही याच तत्त्वाचे दरवाजे आले. खडकवासल्याचा जुना बांध 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटून आलेल्या लोंढ्यात भंगला. तलावावरील पुनर्रचना त्यानंतरची आहे.

खडकवासल्याचे दरवाजे सर्वांना ठाऊक असतात. त्याच काळात विश्वेश्वरय्यांनी मांडलेली 'ब्लॉक पद्धत' तितकीशी ठाऊक नसते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच अधिक अर्थपूर्ण आहे. सिंचन विखुरलेले न ठेवता गावोगाव ठराविक गट पाडावे, प्रत्येक गटात एकतृतीयांश क्षेत्रात ऊस व उरलेल्यात कमी पाण्याची पिके आळीपाळीने घ्यावी, आणि पाण्याची हमी दीर्घ मुदतीची असावी, अशी ती योजना. दरवाज्यांच्या बाबतीत माणूस वगळणाऱ्या अभियंत्याने कालव्याच्या बाबतीत मात्र यंत्राचा विचार केला नाही. त्याने पिकांचा आणि करारांचा विचार केला. तलावाची पातळी ही एकच संख्या आहे, ती तरंगाला कळते. शेकडो शेतांची तहान तरंगाला कळत नाही. हा भेद त्यांनी ओळखला होता असेच दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहिल्यास म्हणावे लागते. मुंबई इलाख्यात आणि पुढे महाराष्ट्रात जी शेजपाळी रूढ झाली, तीत शेतकऱ्याने पिकासाठी अर्ज करावा, अधिकाऱ्याने तो मंजूर करावा, आणि पाळीचे पाणी पुच्छाकडून मुखाकडे ओळीने द्यावे असा नियम आहे. पंजाबच्या तुलनेत येथे पिकाची दखल घेतली गेली. पण प्रत्येक दरवाज्यावर माणूस आणि प्रत्येक माणसाकडे स्वेच्छा राहिली.

शेतांची तहान पाण्यालाच कळविण्याची युक्ती विसाव्या शतकात फ्रेंच अभियंत्यांनी काढली. ग्रनोबल येथील नेर्पिक या संस्थेने उत्तर आफ्रिकेतील कालव्यांच्या निमित्ताने ज्या दरवाज्यांचा विकास केला, त्यांना बाहेरची कोणतीही शक्ती लागत नाही. कमानदार पडदा एका आडव्या अक्षावर झुलतो, त्याला तरंग जोडलेला असतो, आणि वजनांचा तोल असा साधलेला असतो की पाण्याची पातळी अक्षाच्या उंचीला असेल तेव्हा दरवाजा कोणत्याही स्थितीत समतोल राहतो. पातळी केसभर ढळली की तोल जाऊन दरवाजा हलतो आणि पातळी पुन्हा अक्षाशी आणतो. तरंग दरवाज्याच्या वरच्या अंगाला असेल तर तो 'अमिल', खालच्या अंगाला असेल तर 'आविस' किंवा 'आविओ'. या नावांच्या मुळाशी 'आमों' आणि 'आव्हाल' हे फ्रेंच शब्द आहेत : पर्वताकडे आणि दरीकडे. वरची आळी व खालची आळी म्हणणाऱ्या मराठी माणसास यात नवल वाटू नये.

तरंगाची बाजू बदलली एवढाच हा फरक; पण त्याने नियमनाची दिशाच उलटते. अमिल दरवाजा वरून आलेले सर्व पाणी पातळी राखून खाली पाठवितो. किती पाणी यावे हे मुखाशी बसलेला अधिकारी ठरवितो. खडकवासल्याचे दरवाजे तत्त्वतः याच कुळातले. आविस दरवाजा याच्या उलट खालच्या टप्प्याची पातळी पाहतो. शेतकऱ्याने आपले दार उघडले की त्या टप्प्यातील पाणी उतरते, वरचा आविस उघडतो, त्याच्या वरच्या टप्प्यात पाणी उतरते, त्याच्या वरचा उघडतो. आणि अशा रीतीने मागणी एकेक पायरी चढत धरणापर्यंत पोहोचते. दार मिटले की त्याच क्रमाने सारे मिटत जाते, पाणी वाया जात नाही. येथे प्रथमच किल्ली शेतकऱ्याच्या हाती आली. अर्थात तिची किंमत होती. प्रवाह थांबला की प्रत्येक टप्प्यातील पाणी सपाट होते, म्हणून टप्प्याचे काठ आडवे आणि खालच्या टोकाला उंच बांधावे लागतात. तीव्र उताराच्या कालव्यात हा खर्च आवाक्याबाहेर जातो. शिवाय धरणात पुरेसे पाणी आहे हे गृहीत धरावे लागते. तूट आली की आविस दरवाज्यांची साखळी गोंधळते. क्रम्पच्या दगडाला जी वाटणी येते ती तिला येत नाही. विमोचकासाठी याच अभियंत्यांनी आडपडद्यांचा एक मापक केला. त्यातील 5, 10, 20, 30 लिटरांच्या फटी एक तर पूर्ण उघड्या नाही तर पूर्ण मिटलेल्या असतात आणि त्यांना कुलूप लावता येते. मोरोक्कोत या मापकांचा विस्तृत प्रसार झाला. कुलूप आलेच, हे मात्र ध्यानात घ्यावे.

त्यानंतरचा विद्युत् व गणकयंत्रांचा अध्याय तांत्रिक दृष्ट्या मोठा असला तरी कल्पनेच्या दृष्टीने त्यात नवे थोडे आहे. दक्षिण फ्रान्समधील व्हेर्दों नदीचे पाणी नेणाऱ्या प्रोव्हान्स कालव्यावर 1970 च्या दशकाच्या आरंभापासून ल थोलोने येथील केंद्रातून 'गतिमान नियमन' चालते : मागणीचा अंदाज आधीच बांधावयाचा, सर्व टप्प्यांतील पाण्याचे आकारमान मोजावयाचे, आणि दरवाजे दुरून हलवावयाचे. पाण्याला पोहोचण्यास लागणारा विलंब अंदाजाने भरून काढणे हीच त्यातील मुख्य भर. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात डेथ्रिज याने 1910 मध्ये एक चाक तयार केले होते. पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या या चाकाचे फेरे मोजून शेतात गेलेल्या पाण्याचे आकारमान कळे, आणि शतकभर तेथे हेच माप चालले. अलीकडे त्यांच्या जागी सूर्यशक्तीवर चालणारे, स्वतःच प्रवाह मोजणारे दरवाजे आले. मेलबर्न विद्यापीठातील नियंत्रणशास्त्राच्या अभ्यासकांनी कालव्याच्या वर्तनाचे गणिती प्रतिमान प्रत्यक्ष मोजणीवरून बांधून या पद्धतीला शास्त्रीय पाया दिला. कर्नाटकातील नारायणपूर डाव्या कालव्यावर याच जातीची यंत्रणा उभारण्यात आली आहे.

महाराष्ट्रात या प्रवाहाचा संबंध बीड जिल्ह्यातील सिंदफणा नदीवरील माजलगाव प्रकल्पाशी येतो. जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग असलेल्या या प्रकल्पाच्या उजव्या कालव्यावर फ्रेंच धर्तीच्या गतिमान नियमनाचा पथदर्शी प्रयोग हाती घेण्यात आला. 1994 मध्ये जागतिक बँकेने प्रसिद्ध केलेल्या, आधुनिक जलनियंत्रणावरील निबंधात त्याची दखल आहे. परंतु या प्रयोगाचे रूपांतर राज्याच्या सर्वसाधारण व्यवहारात झाले नाही. प्रोव्हान्समध्ये शेतकरी ग्राहक आहे, त्याच्या नळाला मापक आहे, आणि तो वापरलेल्या पाण्याचा दाम देतो. दरवाजा मागणीनुसार हलविण्याला तेथे अर्थ आहे. शेजपाळीत मागणी ही अर्जाच्या रूपाने हंगामाच्या आरंभी नोंदविली जाते आणि पाणीपट्टी पीक व क्षेत्र पाहून आकारली जाते. अशा व्यवस्थेत कालव्याच्या पाण्याचे क्षणोक्षणी मोजमाप करणाऱ्या यंत्राने मोजलेले माप कोणाच्या कामी यावयाचे?

हा अडसर कायद्याने दूर करण्याचा प्रयत्न 2005 मध्ये झाला. त्या वर्षीच्या सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाविषयीच्या अधिनियमाने पाणीवापर संस्थेला पाणी आकारमान मोजून देण्याची तरतूद केली, आणि संस्थेच्या हद्दीत कोणते पीक घ्यावे व पाणी कसे वाटावे हे संस्थेवर सोपविले. म्हणजे सरकारी मापाची हद्द संस्थेच्या मुखाशी संपते आणि आतली वाटणी सभासदांची सभा करते. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत हीच विभागणी कोणत्याही यंत्राविना पूर्वीपासून होती. नदीवरील बंधाऱ्यातून पाटात येईल तेवढे पाणी सर्वांचे, कोणत्या फडात कोणते पीक हे गावाने ठरवावयाचे, आणि पाणी फिरविणारा पाटकरी गावाने नेमलेला, गावालाच उत्तरदायी. पांझरेच्या काठच्या त्या पाटकऱ्याला स्वतःच्या शेतासाठी दार उघडण्याचा अधिकार नसे.